सायकलचा तेलाचा ब्रेक गळतो तेव्हा

कामठीहून कन्हानच्या पुलाकडे जाणाऱ्या जबलपूर रस्त्यावर सकाळच्या वेळी दहा मिनिटे उभे राहिलात, तर शाळा-कॉलेजला निघालेल्या मुलामुलींच्या सायकली तुम्हांला दिसतील. त्यांत आता एक निराळ्या बांध्याची सायकल असते. जाड टायर, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, हँडलवर गिअरचे खटके आणि चाकाच्या मधोमध जाळीदार पोलादी चकती. हिला माउंटन बाइक म्हणतात, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल. आता आपल्या या सपाट मुलखात डोंगर म्हणावा तर रामटेकचा गड, आणि तिथेही रोज कोण जातो? पण पोरांना ती सायकल आवडते, जुन्या बाजारात ती परवडणाऱ्या किमतीत मिळते, आणि खडबडीत रस्त्यावर ती बरी चालते हेही खरेच आहे.

मात्र या सायकलीबरोबर घरात एक नवी गोष्ट येते. ती म्हणजे तेलाचा ब्रेक.

आमच्या गल्लीतला अकरावीचा एक मुलगा मागच्या उन्हाळ्यात अशीच सायकल ढकलत माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, समोरचा ब्रेक मऊ झाला जी. दोन-चारदा दाबला की लागते, अन् मग पुन्हा तसाच." मी विचारले, "दुरुस्त नाही केला?" तर म्हणाला, "दोनदा केला. हवा काढून दिली त्यानं. आठ दिवस चांगला राहते, मग पहिल्यासारखा." त्या दिवशी उतारावर पुढचा ट्रक एकाएकी थांबला, ब्रेकची दांडी थेट हँडलला टेकली, आणि पोराने सायकल रस्त्याखालच्या मुरमात घातली म्हणून निभावले. गुडघा तेवढा सोलून निघाला होता.

दोनदा हवा काढली आणि दोन्ही वेळा ब्रेक पुन्हा मऊ झाला, यात सगळे निदान आहे. ब्रेकमध्ये हवा शिरली ती कुठून? तेल बाहेर गेले त्याच वाटेने. ती वाट कुणी शोधलीच नाही. घराचे कौल फुटले असताना रोज खालचे पाणी पुसून काढावे, तसा हा प्रकार झाला.

हे नीट समजायचे तर हा ब्रेक चालतो कसा ते थोडक्यात पाहू. जुन्या सायकलीला सळ्यांचे ब्रेक असत. दांडी ओढली की सळी ओढली जाई आणि रबरी गुटका रिमला घासे. मग तारेचे ब्रेक आले. तेलाच्या ब्रेकमध्ये सळीही नाही नि तारही नाही. हँडलवरच्या दांडीपाशी एक लहानशी टाकी आणि एक दट्ट्या असतो. तिथून तेलाने भरलेली बारीक नळी खाली चाकाशी जाते. खाली चकतीला चिमट्यासारखे धरून बसलेले एक ठोकळेवजा घर असते, त्याला कॅलिपर म्हणतात. त्यात दोन किंवा चार दट्ट्ये असतात. तुम्ही दांडी दाबली की वरचा दट्ट्या तेल ढकलतो, तेल खालच्या दट्ट्यांना ढकलते, आणि ते दट्ट्ये दोन्ही बाजूंनी पॅड चकतीवर आवळतात.

(प्रत्येक चकतीचा ब्रेक तेलाचा असतो असे मात्र नव्हे. स्वस्त सायकलींना बहुधा चकती असते पण आतून तारच असते. कॅलिपरपाशी वाकून बघा. उघडी तार आणि तिने ओढली जाणारी छोटी पट्टी दिसली तर तो तारेचा ब्रेक. तुमची सुटका झाली. नुसती काळी नळी थेट आत गेलेली दिसली तर तो तेलाचा.)

बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा. त्याचा जन्म 1623 चा, मृत्यू 1662 चा, आणि द्रवांविषयीचा त्याचा ग्रंथ छापला गेला तो मृत्यूनंतरच्या वर्षी, 1663 मध्ये. गुरुजींनी हा नियम फळ्यावर लिहून थांबू नये. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या आणा, एक 5 मिलिलिटरची आणि एक 20 ची, आणि सलाइनच्या नव्या नळीचा वीतभर तुकडा. रंगीत पाणी भरून दोन्ही पिचकाऱ्या नळीने जोडा. वर्गातल्या सर्वांत बारक्या मुलाला लहान पिचकारी द्या आणि दांडग्याला मोठी. दोघांनी एकमेकांविरुद्ध दाबायचे. बारका जिंकतो आणि वर्ग टाळ्या वाजवतो. दोन्ही दट्ट्यांचे व्यास मोजायला लावा. क्षेत्रफळांचे गुणोत्तर साधारण अडीच येईल. जोर तितका वाढतो आणि सरकणे तितके कमी होते. सायकलच्या ब्रेकमध्येही वर लहान दट्ट्या आणि खाली मोठे, ते याच हिशेबाने.

आता त्याच नळीत मुद्दाम हवेचा एक मोठा बुडबुडा राहू द्या. लहान पिचकारी दाबली की आधी बुडबुडा आक्रसतो, मोठा दट्ट्या मात्र उशिरा आणि अर्धवट हलतो. पाणी दबत नाही, हवा दबते. ब्रेक "मऊ" लागतो तो यामुळे. मग नळीचे टोक जरा सैल करा आणि पुन्हा दाबा. दोन थेंब बाहेर, आणि सगळा जोर फुकट. ब्रेकचे दोन्ही मुख्य रोग मुलांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून समजा.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. आगगाडीत साखळी ओढली की गाडी थांबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. का थांबते? गाडीखालून शेवटपर्यंत एक नळ गेलेला असतो, त्यात हवा दाबून भरलेली असते. साखळीने त्या नळाला वाट मिळते, हवा निसटते, आणि दाब उतरला की ब्रेक आपोआप आवळतात. म्हणजे आगगाडीचा नळ फुटला तर गाडी थांबते. कामठी स्टेशनावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हे संरक्षण आहे. सायकलच्या तेलाच्या ब्रेकमध्ये नेमके उलटे आहे. इथे नळी गळली तर ब्रेक नाहीसा होतो. आणि एका ब्रेकमध्ये तेल असते तरी किती? फार तर दोन-तीन चहाचे चमचे. त्यातले अर्धा चमचा गेले तरी दांडी हँडलला टेकू शकते. म्हणून गळणाऱ्या ब्रेकची सायकल "उद्या दाखवू" म्हणून चालवू नये. एक ब्रेक चांगला असला तर रिकाम्या रस्त्याने हळूहळू घर गाठावे, उतार आला की खाली उतरून चालावे.

पण मऊ झालेला प्रत्येक ब्रेक गळकाच असतो असे नाही. आपल्याकडे पंक्चर काढताना सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करायची रीत आहे. टाकीत थोडी जरी हवा असली तर उलट्या सायकलीत ती नळीत शिरते. सायकल सरळ केल्यावर ब्रेक मऊ लागला तर घाबरू नका. सायकल सरळ उभी ठेवून दांडी दहा-वीसदा हळूहळू दाबा-सोडा, बुडबुडे पुन्हा टाकीत चढतात. हवा वर जाते, हा तिचा स्वभाव आपल्या उपयोगी पडतो. तरीही ब्रेक मऊच राहिला तर मात्र हवा काढावी लागेल.

दुसरी गोष्ट पॅडची. पॅड झिजत जातात तसे दट्ट्ये बाहेर सरकून ती जागा भरून काढतात, आणि त्यांच्यामागे तेल जाते. त्यामुळे टाकीतले तेल उतरलेले दिसते. ते गळालेले नसते, खाली गेलेले असते. हे न कळल्याने पुष्कळ जण वरून तेल भरतात. मग नवे पॅड घालायला दट्ट्ये मागे रेटले की ते जादा तेल जाणार कुठे? टाकीतला पातळ रबरी पडदा ताणला जातो, झाकणाच्या कडेने तेल पाझरते, आणि बिचाऱ्या मालकाला वाटते की ब्रेक गळू लागला. आपल्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अशी काठोकाठ भरलेली सायकल उन्हात उभी ठेवली तर तेल फुगून पॅड चकतीला चिकटूनही बसतात. तेल भरायचे ते दट्ट्ये पूर्ण मागे रेटूनच.

तिसरे म्हणजे चेनला मारलेल्या तेलाचा फवारा. तो उडून कॅलिपरवर बसतो आणि गळतीचा देखावा करतो. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यावे.

एवढे वगळूनही संशय उरला तर गळती शोधायची. इथे आम्हां कौलारू घरांतल्या माणसांना अनुभव आहे: ओल दिसते एकीकडे आणि फुटके कौल असते भलतीकडे. तेलही नळीवरून ओघळत खाली येते आणि कॅलिपरवर लोंबते. कॅलिपर ओला आहे म्हणून कॅलिपर गळतो असे ठरवू नका. सगळ्यांत वरची ओली जागा शोधा.

रीत सोपी आहे. सायकल सरळ उभी करा, चाक जागेवरच राहू द्या. स्वच्छ फडके आणि औषधाच्या दुकानातले स्पिरिट घेऊन वरपासून खालपर्यंत सगळे पुसून कोरडे करा: दांडीची बेचकी, टाकीचे झाकण, नळीचे दोन्ही सांधे, कॅलिपर. मग प्रत्येक सांध्याभोवती पांढऱ्या टिपकागदाची एकेक पट्टी गुंडाळा. दांडीच्या बुडाशीही एक घडी सारून ठेवा. आता ब्रेक दाबा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने दांडी हँडलशी घट्ट बांधून टाका. रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कोणता कागद ओला आहे ते बघा. दाबलेल्या ब्रेकला आपले भोक लपवता येत नाही.

एक इशारा देतो. चाक काढलेले असताना दांडी दाबू नका. मधे चकती नसली तर दट्ट्ये पार बाहेर येतात, आणि मग न गळणारा ब्रेकही गळू लागतो. चाक काढायचेच असेल तर पॅडांच्या मधे पुठ्ठ्याची स्वच्छ घडी सारा. लहान मुलांना ती दांडी दाबून बघायचा फार मोह होतो.

सकाळी कागद वाचायचा कसा? नळीच्या सांध्याचा कागद ओला असेल तर ते सर्वांत बरे निदान. त्या सांध्यात नळीच्या टोकात ठोकलेला एक बारीक तुकडा आणि नळीभोवती एक पितळी कडे असते. नट आवळला की कडे दबून नळीला आवळते. आधी नट थोडासा आवळून बघावा. कंपनीने सांगितला त्याहून जास्त जोर लावू नये, कारण आटे मऊ असतात. तेवढ्याने थांबले नाही तर नळीचे टोक जरासे काटकोनात कापून कडे आणि आतला तुकडा दोन्ही नवे घालावेत. एकदा दबलेले कडे पुन्हा वापरू नये. दोन पैसे वाचवायला पुष्कळ जण वापरतात आणि महिनाभरात परत येतात.

झाकणाखाली किंवा हवा काढायच्या स्क्रूपाशी ओल असेल तर तिथली रबरी कडी बदलली की काम झाले. स्क्रू आवळून आवळून ती कडी कापू नका.

दांडीच्या बुडाशी ठेवलेली घडी ओली असेल तर वरच्या दट्ट्याचे रबर गेले. हे रबर बाहेरून दिसत नाही, म्हणून तिथली गळती सर्वांत जास्त दिवस लपून राहते. आणखी एक प्रकार यापेक्षाही फसवा आहे. कागद सगळे कोरडे, पण दांडी दाबून धरली की ती हळूहळू हँडलकडे खचत जाते. इथे तेल बाहेर जातच नाही; दट्ट्याच्या रबराला वळसा घालून टाकीत परत शिरते. डबक्यावर पाय ठेवल्यासारखे वाटते. उपाय तोच: दट्ट्याचा आतला संच नवा, किंवा वरचा अख्खा भाग नवा.

कॅलिपरमध्ये दट्ट्यांच्या कडेने ओल असेल तर चाक आणि पॅड काढून दट्ट्ये पुसून नीट बघा. काही दट्ट्ये चिनी मातीसारख्या पदार्थाचे असतात. पेचकसाने रेटले की त्यांचा टवका उडतो आणि तिथून तेल पाझरते. ते मागे सारायला लाकडी पट्टी किंवा टायर काढायची प्लास्टिकची पट्टी वापरावी. दट्ट्याभोवतीचे रबर चौकोनी धारेचे असते. ब्रेक दाबताना ते थोडे पिळले जाते आणि सोडल्यावर सरळ होताना दट्ट्याला मागे ओढते. पॅड चकतीपासून सुटतात ते याच्याच कृपेने. ते रबर कडक झाले की गळतेही आणि पॅडही घासत राहतात. सुटे भाग मागवण्यापूर्वी ब्रेकवरचे नाव वाचा. स्रॅम आणि होप हे आपल्या ब्रेकचे आतले रबर सुटे विकतात. शिमानो विकत नाही, तिथे कॅलिपरच बदलावा लागतो. दुकानदार खोटे बोलतो असे समजून त्याच्याशी भांडू नका.

त्या मुलाच्या सायकलीत दांडीच्या बुडाशी ठेवलेली घडी तेलाने पार चिंब झाली होती. आणि त्या तेलाचा वास मोटारीच्या ब्रेक ऑइलचा होता. टाकीच्या झाकणावर मात्र इंग्रजीत स्पष्ट कोरलेले होते की खनिज तेलच वापरावे. इथे खरा गुन्हेगार सापडला.

तेलाची ही बाब मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण चांगले ब्रेक सर्वांत जास्त याच चुकीने मरतात. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन जातींची तेले चालतात आणि त्यांचे एकमेकांशी हाडवैर आहे. एक खनिज तेल. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकना ते लागते. दुसरे मोटारगाडीचे ब्रेक ऑइल, ज्याच्या डब्यावर डॉट 4 किंवा डॉट 5.1 लिहिलेले असते. होपचे ब्रेक आणि स्रॅमचे बहुतेक ब्रेक त्यावर चालतात, मात्र स्रॅमचे काही नवे ब्रेक खनिज तेलाचेही आहेत. म्हणून कंपनीच्या नावावर भिस्त न ठेवता झाकणावर काय कोरले आहे ते वाचावे. एका जातीच्या तेलासाठी केलेले रबर दुसऱ्या तेलात फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते. एकदा चुकीचे तेल फिरले की नुसते धुऊन भागत नाही, आतले सगळे रबर बदलावे लागते. रंगावरून तेल ओळखू नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. डॉट 5 हे आणखी तिसरेच, सिलिकोनचे तेल आहे. 5 आणि 5.1 यांची गल्लत करू नका. शिवणयंत्राचे, खोबऱ्याचे, इंजिनाचे तेल तर मुळीच नाही. योग्य तेल हाताशी नसेल तर सायकल उभी राहू द्या.

डॉट तेल हवेतला ओलावा शोषून घेते. कोरडे असताना डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा 155 अंशांवर येते. रामटेकच्या गडावरून ब्रेक दाबत खाली आलात तर चकती चांगलीच तापते, तेल उकळले तर त्याची वाफ होते, आणि वाफ ही हवेसारखीच दबते. म्हणून हे तेल वर्ष-दोन वर्षांनी बदलायचे, आणि उघडा पडलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. सायकलच्या रंगावर पडले तर ते रंग उचलते, कातडीला आणि डोळ्यांना झोंबते. लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. काढलेले जुने तेल बाटलीत भरून मोटारीच्या गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. नालीत ओतले तर ते आज ना उद्या कन्हानमध्येच जाणार, आणि नागपूरच्या कितीतरी वस्त्या त्या नदीचे पाणी पितात.

गळती बंद झाल्यावरच हवा काढायची. ती खालून वर काढावी: कॅलिपरच्या तोंडाला तेल भरलेली पिचकारी लावून सावकाश ढकलायचे, म्हणजे बुडबुडे आपल्या स्वभावाप्रमाणे वर चढून टाकीतून बाहेर पडतात. मधूनमधून नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात, अडकलेले बुडबुडे सुटतात. पण तत्पूर्वी चाक आणि पॅड दोन्ही काढून दूर ठेवा आणि दट्ट्यांच्या मधे लाकडाचा स्वच्छ ठोकळा बसवा. प्रत्येक ब्रेकची पिचकारी जोडायची तऱ्हा निराळी असते, तेव्हा त्याची पुस्तिका बघावी किंवा हे काम माहीत असलेल्या मिस्त्रीकडे जावे.

राहिले पॅड. गळलेले तेल पॅडवर गेले असेल तर दांडी घट्ट लागते, ब्रेक किंचाळतो, पण सायकल थांबत नाही. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल आत मुरते. काचकागदाने घासा, विस्तवावर भाजा, हे सगळे उपाय मी करून पाहिले आहेत. दोन दिवस बरे वाटते आणि मग उष्णतेने आतले तेल पुन्हा वर येते. पॅड टाकून नवे घ्यावेत. चकती मात्र स्पिरिटने पुसून स्वच्छ होते. त्या फडक्याची घडी दर वेळी बदलायची आणि पुसल्यावर चकतीला बोट लावायचे नाही, हाताचे तेलसुद्धा तिला चालत नाही.

त्या मुलाने नळीसकट वरचा आणि खालचा दोन्ही भाग बदलला, कारण चुकीचे तेल सगळीकडे पोचले होते. नवे पॅड बसवल्यावर लगेच रस्त्यावर निघू नका म्हणून मी त्याला छावणीतल्या एका रिकाम्या सडकेवर नेले. सायकल वेगात आणायची, चाक घसरू न देता ब्रेक दाबून जवळजवळ थांबवायची, पण पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असे पंधरा-वीसदा केले की पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसतो आणि ब्रेक धरू लागतो. पहिल्या चार-पाच खेपांना तो म्हणत होता, "काका, अजून नाही लागत जी." दहाव्या खेपेनंतर मागचे चाक उचलू लागले तेव्हा मीच त्याला हळू दाब म्हणालो. चकती त्या वेळी इतकी तापलेली होती की वर पाण्याचा थेंब पडता तर चर्र झाले असते. ती पूर्ण निवेपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो आणि मग घरी आलो.